सतरा चिंचोके

आमच्या घरात मेंढरं मोजत नसत. कुणी विचारलं, "तुमच्या बिरूची मेंढरं किती झाली आता?" तर आई म्हणायची, "हायती की देवाच्या किरपेनं," आणि विचारणाऱ्याला लगेच माडगं प्यायला बसवायची. बिरू म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझा मामा. सांगोल्याकडच्या रानात त्याचा कळप होता. आकडा तोंडातून निघाला की कळपावर रोग पडतो, लांडगा येतो, गाभण मेंढी गाभ टाकते, ही आमच्या माणसांची पक्की समजूत. पोरांचंही तेच. माझ्याआधीची दोन गेली, म्हणून देवाच्या नजरेत भरू नये असं माझं नाव ठेवलं कोंडाबाई. कोंडा कोण कशाला उचलून नेईल? ही कोंडाबाई पुढं गणित घेऊन बी.ए. झाली. आमच्या सगळ्या भावकीत, बाया काय नि बापे काय, कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. तरी आजसुद्धा अंगणात नातवंडं खेळत असताना शेजारीण "किती हो ही तुमची?" म्हणाली, तर माझ्या तोंडून आकडा फुटत नाही. "ही काय, एवढी," म्हणते आणि आत जाते. हसायचं त्यांनी हसावं.

आमच्या गिरणीगावात शुक्रवार पेठेतल्या एका बोळात आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत आबांचा, म्हणजे वडिलांचा, घोंगड्यांचा माग, मागच्या खोलीत आम्ही. खरं तर मागच्या खोलीतही आम्ही कमी आणि लोकरच जास्त. लोकरीचा वास भाताला यायचा, पाण्याला यायचा, शाळेत माझ्या पाटीलाही यायचा. सकाळी गिरणीचा भोंगा व्हायचा, आणि तो थांबायच्या आत आबांचा माग सुरू व्हायचा. आबा खड्ड्यात पाय सोडून बसत आणि दर ठोक्याला भिंतीवरचं आरशाचं भिंग थरथरायचं. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची असते. ते चिंचोके भाजायचे, फोडायचे, भिजत घालायचे आणि मोठ्या मडक्यात शिजवायचे, हे काम आईचं आणि माझं. त्यामुळं घरात धान्य नसलं तरी चिंचोके असत. आम्ही ते खेळायचो, आणि भूक लागली की भाजलेला चिंचोका गालात धरून दिवसभर चघळायचो. माझ्या परकराच्या टोकाला कायम एक गाठ असायची नि तिच्यात मूठभर चिंचोके. दुपारी भाकरी, शेंगाची चटणी आणि असला तर कांदा. हुलग्याचं पातळ माडगं सणाला, नाहीतर पाहुण्याला.

वर्षातून दोनदा, कातरणी झाली की, मामा लोकरीचं गाठोडं घेऊन यायचा. उंच, काळा, खांद्यावर घोंगडी, कमरेला भंडाऱ्याची पिवळी पिशवी. तो आला की आई लहान व्हायची. दोघं बहीणभाऊ लहानपणी एकत्र मेंढरं राखायचे. दिवस मावळला की मेंढरं वाड्यात घेताना आई दारात उभी राहायची आणि एक मेंढरू आत गेलं की एक खडा ओच्यात टाकायची. सकाळी मेंढरं बाहेर काढताना एकेक खडा खाली टाकायची. खडे संपले की मेंढरं पुरी. "मोजायचं न्हाय, पर चुकायचं बी न्हाय," असं ती मला सांगायची, आणि मामा हसून म्हणायचा, "हिचा ओचा म्हंजी आमचा तलाठी हुता." मला ती गोष्ट फार आवडायची. आवडायची नाही ती त्याच्या पुढची गोष्ट. मामा जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवायचा आणि आईला म्हणायचा, "आमच्या सिदूची बायको नीट संबाळ." सिदू म्हणजे त्याचा मुलगा. एकदा तो बरोबर आला होता. दोन दिवस त्यानं माझ्याशी एक अक्षर काढलं नाही, फक्त आमच्या मांजराला काठीनं मारलं. आणि त्या उन्हाळ्यात मामा जाताना म्हणाला, "म्होरल्या कातरणीला येतो ते कुंकू लावायलाच. मग साळाबिळा बास झाली." आबा मागावरून उठले नाहीत. आई म्हणाली, "ये की."

मी तेव्हा तिसरीत होते. नववं संपून दहावं लागलं असेल, आमच्याकडं वाढदिवस कोण लिहितंय? मुलींच्या शाळेत आमच्या वर्गाला एक बाई होत्या, विधवा, पांढरं पातळ, आवाज असा की शेवटच्या पोरीलाही तो आपल्या कानात बोलल्यासारखा वाटे. त्या हिशेब घालायच्या आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं उत्तर तयार असायचं. पावसाळ्याच्या सुरुवातीला एक दिवस त्यांनी वर्गात सांगितलं, की पुण्याकडचे एक साहेब येणार आहेत. ते एकेका मुलीला वेगळं बसवून प्रश्न विचारतील. पाठ केलेलं विचारणार नाहीत, मुलीचं डोकं कसं चालतं ते पाहतील. ज्या मुली निवडल्या जातील त्यांचा वेगळा वर्ग, मॅट्रिकपर्यंत फी नाही, पुस्तकंही शाळेची. शाळा सुटल्यावर बाईंनी मला मागं ठेवलं. मामाचं त्यांच्या कानावर गेलं होतं, बोळातली कुठली गोष्ट लपते? म्हणाल्या, "कोंडे, यादीत तुझं नाव आलं तर मी तुझ्या आबांच्या दारात जाऊन बसेन. नाही आलं, तर माझ्याजवळ बोलायला काही उरत नाही. कळलं?" मला कळलं.

बोळात मात्र दुसरीच बातमी फिरली. साहेब डोकी मोजतो. साहेब कवटीला पितळेचा पट्टा लावतो. हुशार पोरी निवडून आगगाडीनं नेतात आणि त्यांच्या डोक्यातला रस काढून औषध करतात. ही शेवटची बातमी माझ्या शेजारी बसणाऱ्या चंद्रीची. तिचे वडील लोकरीच्या बाजारात तोलार होते, म्हणून तिच्या बातमीला वजन होतं! मी घरी सांगितलं तर आईच्या हातातली सूत कातायची चाती थांबली. ती लहान असताना प्लेगात सरकारची माणसं घरोघर आली होती, काखा तपासत होती. ज्याच्याकडं बोट दाखवलं त्याला गावाबाहेरच्या छपरात नेलं. आईच्या थोरल्या बहिणीकडं बोट दाखवलं. ती परत आली नाही.

"निवडत्यात म्हंजी काय? न्हेत्यात," आई म्हणाली.

"न्हेत्यात कुटं? वर्गात बसवत्यात," आबा म्हणाले.

"आक्कीला बी म्हनाले हुते, छपरात बसवतो."

"मग काय, न्हाय पाठवायची?"

आईनं चातीवरचं सूत गुंडाळलं. मग म्हणाली, "जाऊ दे. हितं ऱ्हाऊन तरी कुटं ऱ्हानार हाय?" आणि तिनं पुन्हा चाती फिरवली. त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मला एवढंच कळलं, की निवडलं तरी भीती आणि नाही निवडलं तरी भीती. दोन्हीकडून कुणीतरी न्यायला येणारच होतं.

साहेब आले त्या सकाळी आईनं माझ्या तळपायाला काजळाचा ठिपका लावला, कुणाला दिसू नये म्हणून तळपायाला. शाळेत पोरी व्हरांड्यात बाकावर ओळीनं बसलेल्या. कुणाला शी लागली होती, कुणी देवाचं नाव घेत होती. माझ्यामागं चंद्रीचा नंबर. आतून एक पोरगी रडत बाहेर आली आणि "काय इचारलं गं?" म्हटलं तर सांगेना. गालातला चिंचोका नुसता दगडासारखा फिरत होता. तो मी खिडकीतून थुंकून टाकला आणि आत गेले.

साहेब तरुण होते. काळा कोट, काळी टोपी, चष्मा. पितळेचा पट्टा दिसला नाही, पण टेबलावर एक गोल घड्याळ होतं. त्याला एकच काटा, आणि डोक्यावरचं बटण दाबलं की तो पळायचा. इतका पळायचा की मला दम लागायचा. कोपऱ्यात बाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. त्यांना बोलायची मनाई होती.

"घाबरू नको, बाळ," साहेब म्हणाले. त्यांची भाषा पुस्तकातल्यासारखी स्वच्छ. "तुम्ही भावंडं किती?"

"मी आन् म्हादू."

"म्हणजे दोन."

मी परकराची गाठ चाचपली. त्यांनी काहीतरी लिहिलं.

मग त्यांनी पाच लाकडी डब्या ठेवल्या, दिसायला सारख्या, वजनाला निरनिराळ्या. जडापासून हलकीपर्यंत लाव म्हणाले. मी जन्मापासून लोकरीचे पेळू हातावर तोलत आले होते. काटा अर्ध्यावर यायच्या आत डब्या लावून झाल्या. साहेबांनी बाईंकडं पाहिलं. मग एका माणसाचं चित्र, त्याला कान काढायचा राहिला होता, तो मी सांगितला. घराला आग लागली तर काय करशील? "आधी घोंगड्या भाईर काडीन," मी म्हणाले. साहेब हसले. माझी भीती थोडी सुटायला लागली. बाईंच्या घडी घातलेल्या हाताचं एक बोट हळूच हलत होतं, वर्गात बरोबर उत्तराला हलायचं तसं.

आणि मग त्यांनी एक मोठं चित्र पुढं ठेवलं. रान, एक बाभळ, काठीला टेकलेला मेंढका आणि कळप.

"या चित्रात मेंढ्या किती आहेत? मोठ्यानं मोज बरं," ते म्हणाले आणि बटण दाबलं.

एखाद्या वाचकाला वाटेल, कागदावरच्या शाईच्या मेंढ्या, त्यांना कसली नजर? मलाही आज तसं वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही. पुढच्या मेंढीच्या डोळ्याभोवती काळं होतं, अगदी मामाच्या काळतोंडीसारखं. मामाकडं रानात गेले की काळतोंडी माझ्या हातून पाला खायची. मला दिसलं, की मी "एक" म्हणते आहे आणि तिकडं रानात काळतोंडी गुडघे मोडून खाली बसते आहे. "दोन" म्हणते आहे आणि दुसरी बसते आहे. घड्याळाचा काटा पळत होता. माझ्या काखेतून घाम ओघळला. उत्तर मला बघताक्षणी दिसलं होतं, जिभेवर येऊन बसलं होतं, आणि मी दात आवळून त्याला आत धरून ठेवलं होतं.

"मोज की, बाळ. मोजता येतं ना तुला?"

बाई खुर्चीत पुढं सरकल्या. तेवढ्यात माझा हात आपसूक परकराच्या गाठीकडं गेला. गाठ सोडली आणि काळतोंडीपुढं टेबलावर एक चिंचोका ठेवला. तिच्यामागच्या मेंढीचा एक. चरणाऱ्यांचे, बसलेल्यांचे, पिणाऱ्या कोकरांचे. बाभळीच्या खोडाआड फक्त दोन कान दिसत होते, तिचाही एक ठेवला. मग सगळे ओंजळीनं साहेबांपुढं सारले.

"हे काय?"

"झालं."

"मग किती?"

"तुमी मोजा की. तुमची मेंढरं न्हाईत. तुमी मोजलं तर काय हुत न्हाय."

साहेबांचे ओठ हलले. त्यांनी मेंढ्यांकडं पाहिलं, चिंचोक्यांकडं पाहिलं, खोडाआडच्या कानांवर बोट ठेवलं. मग हसले, आणि मग हातातलं पुस्तक उघडून हसायचे थांबले. "उत्तर तोंडी यायला हवं," ते मला नव्हे, बाईंना म्हणाले. "वेळेच्या आत, तोंडी. मी दुसरं लिहू शकत नाही." बटण दाबल्याचा आवाज झाला. मी टेबलाच्या पलीकडं होते, कागद मला उलटा दिसत होता, पण शून्य उलटं असलं तरी शून्यच दिसतं. त्यानंतर आकडे उलटे म्हणायचे होते, सात, दोन, नऊ असले काहीतरी. मी नुसते चिंचोके गोळा करत होते. एकही मागं राहू द्यायचा नव्हता.

साहेबांना मी दोष देत नाही. पुढं मी स्वतः तीस वर्षं शिकवलं. माझ्याही हातात पुस्तक होतं आणि मीही मुलींना शून्यं दिली. फक्त देण्याआधी विचारायची, "येत नाही, का सांगायची भीती वाटते?" त्याला घड्याळ लावायची नाही.

महिन्याभरानं यादी आली. दोन नावं होती. त्यांत चंद्रीचं होतं, माझं नव्हतं. बाईंनी यादी वाचली, घडी केली आणि माझ्याकडं न बघता फळा पुसायला लागल्या. फळ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. कातरणी जवळ आली होती. मला जेवण जाईना. मागाचा ठोका पडला की मला दारात मामा आल्याचा भास व्हायचा. आणि ती गाठ! ते चिंचोके मी इतर चिंचोक्यांत मिसळले नव्हते. मला ते खाववेनात, खेळवेनात, टाकवेनात. त्यांतला प्रत्येक म्हणजे एक मेंढरू झालं होतं. मी ते परकराच्या टोकात दोन फेरांची ओबडधोबड गाठ मारून घेऊन फिरत होते.

मामा आला तो भर दुपारी. खांद्यावर लोकरीचं गाठोडं नव्हतं. आईनं पाणी पुढं केलं ते त्यानं घेतलं नाही.

"लोकर न्हाय आणलीस?" आबांनी विचारलं.

"मेंढरं ऱ्हायली तर लोकर. रोग पडला. काळतोंडीपास्नं सुरवात झाली." त्याचे डोळे लाल होते. माझ्याकडं न पाहता तो आईला म्हणाला, "बाजारात तोलार भेटला. म्हनला, तुमची पोरगी साळंत सायबाम्होरं मेंढरं मोजत हुती. त्येच्या पोरीनं दारातनं बघितलं म्हनं, बोट ठिवून ठिवून."

"चित्रातली आसतील, पाव्हनं," आबा म्हणाले.

"चित्रातली का आसंनात!"

त्यानं कमरेची पिशवी सोडली आणि भंडारा माझ्यापुढं धरला. आमच्यात भंडारा उचलून कुणी खोटं बोलत नाही. खोटं बोलणाऱ्याची जीभ झडते, हे मला बोलायला यायच्या आधीपासून माहीत होतं. "उचल," मामा म्हणाला. "मोजली आसशील तर मोजली म्हन. न्हाय तर न्हाय म्हन. न्हाय म्हनलीस तर माजा इस्वास हाय, आत्ता कुंकू लावून जातो. मोजली आसशील, तर मेंढरं मोजनारी सून मला नगं."

खरं एका वाक्याचं होतं. न्हाय, मामा, मी चिंचोकं ठिवलं, आई खडं ठिवायची तसं. मामाला ते लगेच पटलं असतं. कदाचित हसलाही असता. मी आईकडं पाहिलं. चाती तिच्या हातात लोंबत होती. तिनं मान वर केली नाही. आबांचा माग थांबला होता. मी चिमूटभर भंडारा उचलला. चिंचोके मनातल्या मनात तर मोजलेच होते ना, अशी पळवाट मी नंतर पुष्कळ वर्षं शोधली. पण देव चिंचोक्यांचं विचारत नव्हता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

"मोजली," मी म्हणाले.

मामाचा हात खाली आला. मी पुढं काही म्हणेन या धास्तीनं तो ओरडला, "किती ते बोलू नगंस!" आणि घोंगडी उचलून निघाला. दारात एकदा थांबला, आईकडं पाहिलं. ती काही म्हणेल असं त्याला वाटलं असावं. मग तो गेला. पुन्हा कधी आमच्या घरी आला नाही. आई दर भाऊबीजेला ताट करायची, पाट मांडायची आणि दिवे लागले की उचलायची. मेंढरं मोजणारी पोर म्हणून मला पुढं भावकीतून कुणी मागणी घातली नाही. आबा म्हणाले, घरात बसून तरी काय करील, आणि बाईंनी फी माफ करून घेतली. माझं शिक्षण असं झालं. साहेबांच्या कागदावर मला मोजता आलं नव्हतं आणि मामाच्या लेखी मी मोजलं होतं. दोघांचंही चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई खळीचं मडकं घेऊन बसली होती. जीभ जागेवर आहे का, हे मी रात्रभर बोटानं चाचपत होते, म्हणून डोळे सुजले होते. आईनं मला जवळ बोलावलं, परकराचं टोक ओढून घेतलं आणि गाठ सोडायला लागली. तेव्हा मी पहिल्यांदा त्या गाठीकडं नीट पाहिलं. ती माझी ओबडधोबड गाठ नव्हती. तुटलेलं सूत जोडताना मागावर मारतात तसली, बारीक, चपटी गाठ होती ती. आईनं परकर धुऊन चार दिवस झाले होते, म्हणजे मामा यायच्या आधीच तिनं चिंचोके पाहून ती पुन्हा बांधली होती.

आईनं एक चिंचोका मडक्यात टाकला.

"एक," ती म्हणाली.

मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिले. उभ्या जन्मात मी तिला असं मोजताना ऐकलं नव्हतं. प्रत्येक चिंचोक्याला ती दाराकडं बघत होती, जसं काही कुणी न्यायला येणार आहे. पण ती थांबली नाही. दोन. तीन. शेवटचा टाकून तिनं हात झटकले.

"सतरा. बराबर हाय न्हवं?"

"व्हय."

"मग ऊठ," आई म्हणाली, "साळंला उशीर हुतोय."